कॅरेक्टरला स्वतःचे एचपी (जीव किती उरला तो आकडा) कळतात का?

तिसरं_गेट (टिळकवाडी, बेळगाव)

डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिका-खेळ), २०१४ चे नियम, पाच प्लेअर, सगळे पाचव्या लेव्हलवर. मोहीम आपल्याच भागावर बेतलीय. कणकुंबीला मलप्रभा उगवते तिथून सुरुवात, वाटेत राजहंसगडासारखा एक किल्ला, मग घटप्रभेच्या खोऱ्यात उतरून गोकाकच्या धबधब्यापाशी शेवट. टेबलावर निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि सध्या भांडण दोन्हीत.

भांडण एकाच गोष्टीवरून आहे. प्लेअरला नियम पाठ आहेत, ते ठीक. पण कॅरेक्टरला त्यातलं किती ठाऊक धरायचं?

विझार्ड म्हणतो, "समोरच्याने दोन फायरबॉल टाकले, म्हणजे त्याचे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट संपले, चला घुसूया." (फायरबॉल हे तिसऱ्या लेव्हलचं स्पेल, म्हणजे मंत्र; स्लॉट म्हणजे दिवसाला स्पेल टाकायच्या ठरलेल्या खेपा.) हे वाक्य कॅरेक्टरचं की प्लेअरचं? फायटर ५० फुटांच्या कड्यावरून बिनधास्त उडी टाकतो, कारण पडण्याचा मार ५डी६ (सहापैलू पाच फासे), म्हणजे फार तर ३० आणि याच्याकडे ४९ एचपी. क्लेरिक जखमी सोबत्याला बरं करतच नाही. तो शून्यावर पडेपर्यंत थांबते आणि मग हीलिंग वर्ड हे बरं करायचं स्पेल टाकते. आणि चौथं, रिव्हिव्हिफायला (नुकत्याच मेलेल्याला उठवणारं स्पेल) ३०० जीपीचा (सोन्याच्या नाण्यांचा) हिरा लागतो, तो आमच्या 'रोग'ने (चोर कॅरेक्टर) घासाघीस करून २०० ला घेतला. चालेल का?

"हे मेटागेमिंग आहे" (प्लेअरची माहिती कॅरेक्टरने वापरणं) म्हणून एकाला गप्प केलं की तो दुसऱ्याचं काढतो. तत्त्वज्ञान नको, टेबलावर पटकन वापरता येईल अशी कसोटी सांगा.

वीसपैलू (खानापूर)

चारही गोष्टी एका पोत्यात भरू नका. मी लावतो ती कसोटी अशी: त्या जगातला एखादा चिकाटीचा माणूस, नियमांचं पुस्तक न बघता, नुसतं बघून आणि मोजून हे शोधून काढू शकेल का? काढू शकत असेल तर कॅरेक्टरला ते माहीत असू शकतं. त्याच्या धंद्यातलंच असेल तर माहीत असायलाच पाहिजे.

स्लॉट सरळ या कसोटीत बसतात. स्पेलबुकात नवं स्पेल उतरवायला दर लेव्हलमागे २ तास आणि ५० जीपी लागतात. पहिल्या लेव्हलचं ५० ला, तिसऱ्याचं १५० ला आणि सहा तास. शाईचा खर्च असा ठरलेल्या पटीत चढतो आणि नऊ पायऱ्यांवर थांबतो, हे ज्याच्या लक्षात येत नाही तो विझार्ड कसला? पाचव्या लेव्हलच्या विझार्डला रोज सकाळी पहिल्याचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन असे स्लॉट मिळतात. दररोज, न चुकता. त्यांना तो 'स्लॉट' म्हणत नसेल, पण मोजून नक्की ठेवतो.

समोरच्याचे स्लॉट मात्र अंदाजावर. दोन फायरबॉल झाले म्हणजे संपलं, हे समोरचा आपल्याएवढाच आहे असं धरलं तरच खरं. सहाव्या लेव्हलला तिसऱ्याचे तीन स्लॉट असतात. सातव्याला त्यावर चौथ्याचा एक, आणि त्यातूनही फायरबॉल निघतो. शिवाय आर्केन रिकव्हरी आहे. पाचव्या लेव्हलचा विझार्ड दिवसात एकदा छोट्या विश्रांतीनंतर तिसऱ्याचा एक स्लॉट परत मिळवतो. त्यामुळे तुमच्या विझार्डला ते वाक्य कॅरेक्टर म्हणून खुशाल बोलू द्या, अनुभवी माणसाचा तो अंदाज आहे. तुम्ही डीएम (खेळ चालवणारा) म्हणून फक्त त्याला दुजोरा देऊ नका. घुसू दे, मग बघू दे.

आता एचपी. बहुतेक जण इथे "छे, हा तर कागदावरचा आकडा" म्हणून मोकळे होतात. पण २०१४ चं स्लीप (झोपवणारं स्पेल) बघा. ५डी८ टाकायचे, सरासरी साडेबावीस, आणि २० फूट त्रिज्येत ज्याचे चालू एचपी सगळ्यांत कमी तो आधी झोपतो, मग त्याच्या वरचा, बेरीज संपेपर्यंत. गावातला साधा माणूस ४ एचपीचा, पहारेकरी ११ चा, मुरलेला शिपाई ५८ चा. एखाद्या मठाने माणसं ओळीने बसवून हे स्पेल महिनाभर टाकलं तर त्यांच्या वहीत काय येईल? झोपण्याचा क्रम ठरलेला आहे. तो अंगकाठीवर नाही, वयावर नाही. साधी माणसं पाच झोपतात तेवढ्याच जोरात पहारेकरी दोनच झोपतात. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ४० निघतात, म्हणून धडधाकट शिपाई कधीच आडवा होत नाही. पण लढाईतून लोळागोळा होऊन आलेला तोच शिपाई गवळ्याच्याही आधी घोरायला लागतो.

म्हणजे एचपी नावाची काहीतरी चीज त्या जगात मोजता येते. तिचा क्रम मिळतो, जोर लावला तर प्रमाणही मिळतं, फक्त '४९' हा आकडा मिळत नाही. (२०२४ च्या आवृत्तीत स्लीप विझ्डम सेव्हवर (स्पेल परतवायच्या फाशावर) नेलं, तेव्हा ही मोजपट्टी मोडली. मला वाटतं बरंच झालं.)

दुसरा पुरावा नियमातच लिहिलाय. २०१४ चा बॅटल मास्टर फायटर सातव्या लेव्हलला पोचला की लढाईबाहेर एखाद्याला एक मिनिट न्याहाळून त्याच्याबद्दलच्या दोन गोष्टी आपल्यापेक्षा जास्त, कमी की बरोबर हे ओळखू शकतो. कोणत्या गोष्टी? ताकद, चपळाई, काटकपणा, एसी (वार लागणं किती अवघड तो आकडा), चालू एचपी, एकूण लेव्हल, फायटरच्या लेव्हल. चालू एचपी आणि लेव्हल! नियम स्वतःच सांगतोय की जाणत्या डोळ्याला हे दिसतं. आकडा दिसत नाही, तुलना दिसते.

वर्णन कसं करायचं तेही त्या पुस्तकात आहे, लोक वाचत नाहीत. निम्म्याच्या वर एचपी असतील तर सहसा जखम दिसत नाही. निम्म्याखाली गेलं की खरचटणं, ओरखडे, मुका मार. शून्यावर नेणारा घाव तेवढा थेट अंगावर बसतो. २०२४ ने या निम्म्याच्या रेषेला 'ब्लडीड' असं नावच दिलं. ती रेषा सगळ्यांना उघड सांगत चला, पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

"माझे ९ उरलेत" असं टेबलावर म्हणायला माझी ना नाही, तिथे प्लेअर प्लेअरशी बोलतोय. कॅरेक्टरच्या तोंडी "आणखी असला एक बसला तर उचलूनच न्यावं लागेल मला" एवढं पुरे. माहिती तीच पोचते.

निपाणी_काटा (निपाणी)

वीसपैलू, कसोटी देखणी आहे, पण तिला भोक आहे. एकदा प्रयोगशाळा उघडली की आतून काय काय बाहेर पडतं ते बघा.

मांजराच्या नखांचं नुकसान १. गावकऱ्याचे एचपी ४, एसी १०. मांजराचा रोल (वीसपैलू फासा) अधिक शून्य, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा लागतो. चार बोचकारे काढले की गावकरी शून्यावर, डेथ सेव्ह (जगतो की मरतो याचे फासे) सुरू. तुमच्या चिकाटीच्या संशोधकाने हे मोजलं तर त्या राज्यात मांजर पाळायला परवाना लागेल. तसं कुणाच्याच मोहिमेत नसतं, कारण मांजर आणि गावकरी यांच्यासाठी फासे कुणी टाकतच नाही.

आता बेळगाव ते खानापूर माणसांची रांग लावा, दर ५ फुटांना एक. अंतर सुमारे २६ किलोमीटर, म्हणजे सतरा हजार माणसं. प्रत्येकाने ॲक्शन राखून ठेवायची: "शेजाऱ्याने काठी दिली की मी पुढच्याला देणार." एका राउंडमध्ये सगळे आपली रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) वापरतात. राउंड ६ सेकंदांचा. काठी ६ सेकंदांत खानापुरात, वेग सेकंदाला चार किलोमीटरच्या वर. मग शेवटचा माणूस ती फेकतो आणि प्लेअर म्हणतो, एवढ्या वेगाने राक्षसाच्या चिंधड्या उडायला पाहिजेत! नाही उडत की ओ. हातातली कुठलीही वस्तू फेकून मारली तर नियमाने १डी४, पल्ला २० फूट, फार तर ६०. वेग काढायला नियम घेतला आणि मार काढायला शाळेतलं भौतिकशास्त्र, तिथे गोची आहे. दोन्हीकडे नियमच लावला तर खानापुरात एक काठी पडते. दोन्हीकडे भौतिकशास्त्र लावलं तर काठी खानापुरात संध्याकाळी कधीतरी पोचते.

२०२४ च्या डीएम गाइडमध्ये हे स्वच्छ लिहून टाकलंय: नियम खेळ रंगावा म्हणून आहेत, त्या जगाचं भौतिकशास्त्र सांगायला नाहीत.

म्हणून माझी कसोटी वेगळी. नियम कधी चालतो? प्रसंगात खरी शंका असते आणि निकालाने काही फरक पडतो तेव्हा. मठात महिनाभर स्लीप टाकत बसणं हा प्रसंगच नाही. तिथे रोल होत नाहीत, डीएम निकाल सांगतो. तुमच्या संशोधकाच्या वहीत काय येईल हे डीएमच ठरवणार, मग ती वही पुरावा कशी होईल?

वीसपैलू

मांजराचं कबूल. पण स्लीपची गोष्ट फाशांवर अवलंबून नाही, ती स्पेलच्या मजकुरातच आहे: कमी एचपीवाला आधी. डीएमने मठात वेगळा निकाल सांगितला तर लढाईतलं स्लीप आणि मठातलं स्लीप ही दोन स्पेल झाली. विझार्ड प्लेअर दुसऱ्याच दिवशी येऊन विचारेल, कुठलं माझं?

स्पेलच्या मजकुरात जे लिहिलंय ते जगात खरं. फायरबॉल २० फूट त्रिज्या, १५० फूट पल्ला, हे पावलांनी मोजून पाहिलेले लोक तिथे असणारच. डिटेक्ट मॅजिक (जादू हुडकणारं स्पेल) एक फूट दगडाने, एक इंच साध्या धातूने, शिशाच्या पातळ पत्र्याने किंवा तीन फूट लाकूड-मातीने अडतं, हे चोरट्या मालाच्या व्यापाऱ्याला माहीत नसेल तर तो कसला व्यापारी? त्याच्या पेटीला आतून शिसंच असणार. माझा मुद्दा एवढाच आहे. टर्नचा क्रम, ॲक्शन-रिॲक्शन, ६ सेकंद, यावर तुमचं बरोबर, ते टेबलाचं.

चिकोडीची_ताई (चिकोडी)

दोघंही डीअँडडीतच अडकलाय. खेळ बदलला की उत्तर बदलतं, आणि बऱ्याच खेळांनी उत्तर आधीच देऊन ठेवलंय.

अर्थडॉन, १९९३. तिथे क्लासला (कॅरेक्टरच्या पेशाला) डिसिप्लिन म्हणतात, लेव्हलला सर्कल, आणि हे दोन्ही शब्द त्या जगातली माणसंच वापरतात. "मी चौथ्या सर्कलचा तलवारबाज" असं कॅरेक्टर सरळ ओळख करून देताना सांगतो. तिथे हा धागा उघडायचीच गरज पडली नसती. व्हँपायर: द मास्करेड, १९९१: जनरेशनचा आकडा हा नियमही आहे आणि व्हँपायरांच्या समाजातली जातही आहे. तेरावी पिढी आणि आठवी पिढी यांत कोण कुणापुढे वाकणार हे सगळ्यांना ठाऊक.

याच्या उलट टोकाला पॅरानोया, १९८४. तिथे नियमांचं ज्ञान ही वरच्या सिक्युरिटी क्लिअरन्सची गोष्ट. खालच्या प्लेअरने नियम माहीत असल्याचं दाखवलं तर तो देशद्रोह. कॅरेक्टरचं सोडा, प्लेअरलासुद्धा परवानगी नाही.

मला सगळ्यांत आवडतं ते कॉल ऑफ कथुलूचं. सातव्या आवृत्तीत एका झटक्यात ५ किंवा त्याहून जास्त सॅनिटी (मनाचा तोल) गेली की बुद्धीचा रोल करायचा. रोल चुकला तर वाचलात, मनाने ते दडपून टाकलं. रोल जमला तर तात्पुरतं वेड, कारण जे पाहिलं ते कळलं. कथुलू मिथॉस हे कौशल्य जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा खाली येते: ९९ वजा ते. म्हणजे जगाचे खरे नियम कॅरेक्टरला दिसू शकतात, आणि दिसले की त्याची किंमत शीटवरून वजा होते. कॅरेक्टरने नियम ओळखणं हाच तिथे एक नियम आहे.

आणि जुन्या डीअँडडीतही लेव्हल लपलेली नव्हती. १९७४ च्या पहिल्या पुस्तकात पहिल्या लेव्हलचा लढवय्या 'व्हेटरन', चौथ्याचा 'हीरो', आठव्याचा 'सुपरहीरो'. लेव्हलला पदव्याच होत्या. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात बाराव्या लेव्हलचे ड्रुइड फक्त नऊ, त्यावर तीन आर्चड्रुइड, त्यावर एक ग्रेट ड्रुइड. वर चढायचं तर जागेवर बसलेल्याला हरवूनच. तेराव्या लेव्हलची चौथी जागाच नाही, हे रानातल्या प्रत्येक ड्रुइडला माहीत असणार, नाहीतर तो आव्हान कुणाला देईल? १९७९ च्या डीएम गाइडप्रमाणे पुढच्या लेव्हलला प्रशिक्षण घ्यावं लागे, आठवड्याला चालू लेव्हल गुणिले १,५०० जीपी. एवढं बिल भरणाऱ्याला आपण लेव्हल चढतोय हे कळत नाही म्हणता?

त्याच गाइडमध्ये गॅरी गायगॅक्सने एचपीचंही लिहून ठेवलंय: चढत्या लेव्हलचे एचपी म्हणजे वाढतं मांस नव्हे, त्यात कसब, नशीब आणि दैवी राखण आली.

आपल्याकडेही हे नवं नाही. नलोपाख्यानात ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं मोजून सांगतो. नळ रथ थांबवून खरंच मोजतो, हिशेब जुळतो, आणि अश्वविद्येच्या बदल्यात त्याला अक्षहृदय मिळतं. गोष्टीतलंच पात्र, गोष्टीतले फासे, आणि फाशांचं गणित शिकून पुष्कराकडून राज्य परत घेतो. डिव्हिनेशनवाला (भविष्य पाहणारा) विझार्ड करायचा असेल तर यापेक्षा चांगली पार्श्वभूमी नाही.

तिसरं_गेट

ताई, पॅरानोयाचं आमच्या फायटरला वाचून दाखवतो. स्लॉट आणि एचपीचं बऱ्यापैकी पटलं. पण उडी तशीच राहिली. "मला एक असलाच बसला तर..." हे वाक्य बोलूनही तो उडी मारणारच, कारण गणित त्याच्या बाजूचं आहे. मोहिमेचा शेवट गोकाकला आहे, तेव्हा हा प्रश्न मला टाळता येणार नाही.

धूपदाळ (गोकाक)

गोकाकचा हिशेब मी देतो. धबधबा सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट. दर १० फुटांना १डी६, म्हणजे १७डी६: कमीत कमी १७, जास्तीत जास्त १०२, सरासरी साडेएकोणसाठ. तुमचा ४९ एचपीवाला शंभरांत सहा-सात वेळा उभा राहील, बाकी वेळा शून्यावर. जागच्या जागी मरायला मात्र ९८ लागतात, ते जवळजवळ कधीच पडत नाहीत. हाच फायटर दहाव्या लेव्हलला, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १६ धरून, ९४ एचपीचा होतो. मग गोकाकवरून रोज सकाळी उडी मारून खाली आंघोळीला गेला तरी चालतं. आणि २०डी६ ला नियम थांबतो, त्यामुळे २०० फूट आणि २,००० फूट सारखेच.

२०१४ च्या डीएम गाइडमधला मॅसिव्ह डॅमेजचा पर्याय लोक सुचवतात: एका फटक्यात कमाल एचपीच्या निम्मे किंवा जास्त गेले तर डीसी १५ (फाशावर गाठायचा आकडा) कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकलं तर सिस्टिम शॉकचा तक्ता. गोकाकला तो लागू पडतो. तुमच्या ५० फुटी कड्याला नाही, कारण ५डी६ ची सरासरी साडेसतरा आणि ४९ चे निम्मे २५. फार क्वचित लागेल.

चालतं ते हे: मार साठवत न्या. पहिल्या १० फुटांना १डी६, दुसऱ्यांना २डी६, तिसऱ्यांना ३डी६. म्हणजे २० फुटांवरून ३डी६, ३० वरून ६, ४० वरून १०, ५० वरून १५डी६. सरासरी साडेबावन्न. ४९ वाला आता कड्यावर उभा राहून दोरी शोधतो. ६० फुटांना २०डी६ ची मर्यादा गाठली जाते, तिथेच थांबवा.

पण हा बदल एकटा येत नाही, बगा. थंडरवेव्हने कुणाला कड्यावरून ढकललं की ते पहिल्या लेव्हलचं स्पेल तिसऱ्या लेव्हलचं काम करायला लागतं. उडणारा शत्रू हवेतल्या हवेत लुळा केला की मेलाच. फेदर फॉल (पडणं हळू करणारं स्पेल) नसलेला विझार्ड कुणी ठेवत नाही. हे तिन्ही आधी सांगून टाका, नाहीतर पुढचं भांडण त्यावरून. धबधब्याखाली डोहात पडला असं कुणी म्हणालं तर २०२४ चा नियम सोपा आहे: रिॲक्शन वापरून डीसी १५ ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स, जमलं तर मार निम्मा. मात्र गोकाकला खाली पाणी किती आणि कातळ किती हे महिन्यावर ठरतं. एप्रिलमध्ये मी डोहाचा नियम लावणार नाही.

आकडे बदलायचे नसतील तर प्लेअरला फक्त एक विचारा: कॅरेक्टर कशाच्या भरवशावर उडी मारतोय? एचपीत नशीब आणि कसब धरलंय ना, मग त्यातलं काय खर्ची पडलं ते सांग. वेलीला लोंबकळला, कपारीत कट्यार रोवत घसरला, ढाल अंगाखाली घेतली. उत्तर आलं तर उडी चालू. उत्तर नसेल तर तो उडी मारत नाही, तो पडतोय, आणि पडणाऱ्याला माझ्याकडे दर २० फुटांमागे एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. २०१४ मध्ये सहाव्या पायरीला मरण आहे, हे लक्षात ठेवून द्या.

क्लेरिकलाही तोच इलाज, पण हलका: शून्यावरून उठला की एक पायरी एक्झॉशन. तिला दोष देऊ नका. शून्याच्या खाली एचपी जात नाहीत, आणि हीलिंग वर्ड बोनस ॲक्शनमध्ये ६० फुटांवरून १डी४ अधिक मॉडिफायर देऊन माणूस उभा करतं. अशा जगात कुठलीही वैदू पडलेल्यालाच आधी बघायला शिकेल. तिचं वागणं कॅरेक्टरला धरूनच आहे, चूक नियमाच्या आमिषात आहे.

चिकोडीची_ताई

हिरा राहिला. नियमात 'एवढ्या किमतीचा' लिहिलंय, 'एवढ्याला घेतलेला' नाही. शहापूरच्या सराफाने ३०० चा हिरा तुमच्या रोगला २०० ला दिला तर स्पेल चालतं. १०० चा हिरा ३०० ला गळ्यात मारला तर चालत नाही, आणि ते कळतं ऐन वेळी, सोबती मरून एक मिनिट व्हायच्या आत. म्हणून त्या जगातले क्लेरिक आपापले पारखी ठेवून असणार.

खरी अडचण पुढे आहे. किंमत बाजार ठरवतो. युद्ध लागून हिरे दुप्पट महागले तर निम्म्या आकाराचा खडा पुरेल का? नियम शब्दशः धरला तर हो. मग प्लेअर साठेबाजी करून भाव चढवतील आणि एका हिऱ्यात दोन माणसं उठवतील. ते टाळायला मोहिमेच्या सुरुवातीलाच किंमत सोडून खडा ठरवा: बिनडागाचा, गव्हाच्या दाण्याएवढा. पुढे भाव काहीही होवो, खडा तेवढाच लागेल. २०१४ च्या गाइडमध्ये अख्खा हिरा ५,००० जीपीच्या रत्नांत बसवलाय, तेव्हा ३०० चा म्हणजे बारीक खडाच. रिव्हिव्हिफायमध्ये तो जळून जातो, आयडेंटिफाय स्पेलचा १०० जीपीचा मोती मात्र तसाच राहतो. दोन्हींत गल्लत करू नका.

निपाणी_काटा

खडा ठरवला ते झकास. तरी माझं म्हणणं कायम: एवढी सगळी डागडुजी करावी लागते, कारण तुम्ही नियमाला जग समजताय. असो. ताईंनी डिव्हिनेशनचं काढलं म्हणून एक विचारतो, कारण ते तुमच्याही कसोटीत बसत नाही. पोर्टेंटमध्ये (त्या विझार्डची खास हातोटी) विझार्ड सकाळी दोन डी२० टाकून आकडे लिहून ठेवतो, नंतर कुणाच्या रोलऐवजी वापरायला. समजा ३ आणि १७. कॅरेक्टरला नक्की काय दिसलं? '१७' दिसला म्हणू नका.

वीसपैलू

१७ नाही दिसत. प्रसंगाचा तुकडा दिसतो: कुणाचा तरी पाय नेमका टेकतो, कुणाचा तरी बाण दगडावर आपटतो. कोण, कुठे, केव्हा हे दिसत नाही, म्हणूनच ते कुणालाही लावता येतं, शत्रूलासुद्धा.

टेबलावर असं करा. लांब विश्रांती संपली की रोल झाल्यावर दोन चिठ्ठ्या करा, आकडा आत आणि वर एक ओळ. ओळ प्लेअरने लिहायची, डीएमने नाही, नाहीतर तुम्ही नकळत प्रसंग तिकडे वळवता. ३ साठी "हात घसरला", १७ साठी "वेळेवर वळला", एवढंच. चिठ्ठी समोरच्याचा रोल पडायच्या आधी ठेवायची, पडल्यावर नाही. चूक इथेच सगळ्यांत जास्त होते: डीएम फासा टाकून मोकळा होतो आणि प्लेअर म्हणतो थांबा थांबा. म्हणून त्याच्या नजरेच्या टप्प्यातला कुणीही महत्त्वाचा रोल करणार असेल तर आधी दोन सेकंद थांबून त्याच्याकडे बघा. एका टर्नमध्ये एकदाच चालतं. चिठ्ठी वापरली की ओळ मोठ्याने वाचायची आणि प्रसंग त्या ओळीप्रमाणे सांगायचा. पुढच्या लांब विश्रांतीला उरलेल्या चिठ्ठ्या फाडायच्या. पाकिटात ठेवल्या तर पुढच्या रविवारी १७ परत निघतो.